दियामांदोकडची दुपारची झोप

कवालाच्या बंदरावरून वर चढत येणारी जी पायऱ्यांची गल्ली आहे, तिथे गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराला दियामांदोने झोपवलेलं आहे. त्यांतल्या काहींना आता टक्कल पडलंय. एकजण नगरपालिकेवर निवडून आलाय आणि तो भाषणाला उभा राहिला की समोरचे लोक पेंगायला लागतात. गल्लीचं म्हणणं, हा दियामांदोचाच गुण त्याला लागलाय.

तिची रीत साधी. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, पाय लांब सोडायचे, घोट्यांवर उशी, उशीवर बाळ, आणि पाय डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत राहायचे. हात मोकळेच राहतात, त्यामुळे तेवढ्यात शेंगाही मोडून होतात. ही रीत तिची आजी समुद्रापलीकडून, आनातोलियातून पळून येताना घेऊन आली होती. "भांडी राहिली, गाद्या राहिल्या, पाय तेवढे आणता आले," असं ती आजी म्हणायची. रात्रभर रडून रडून निळं पडलेलं पोर घेऊन एखादी बाळंतीण दारात उभी राहिली, की दियामांदो चूल बारीक करून खाली बसायची. थोड्या वेळाने पोराचे डोळे फिरायला लागायचे. त्याच्या आईचेही फिरायचे. कितीतरी आया तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या घोरल्या आहेत. त्यांची नावं इथे घ्यायला नकोत, त्या अजून गल्लीत राहतात.

तिचा नवरा आर्गिरिस बंदरावर जहाजांचा माल उचलायची यारी चालवायचा. तो कुरकुरायचा, "साऱ्या गल्लीला झोपवतेस, आणि माझ्या कानाशी मात्र मध्यरात्रीपर्यंत बडबडतेस." तो गेला, आणि वर्ष व्हायच्या आत नातू जन्मला. रिवाजाप्रमाणे आजोबाचं नाव नातवाला लागलं. "आर्गिरी, पाय पूस! आर्गिरी, तोंड मिटून खा!" असं दिवसभर ओरडायची तिची सोय पुन्हा झाली. गल्लीला वाटलं, चला, आता बरी होईल ती. झालीही.

घर दुमजली. खाली दियामांदो, वर मुलगा स्त्रातिस, सून आन्थूला आणि छोटा आर्गिरिस, हाकेला आर्गिरी. स्त्रातिस दिव्यांच्या बोटीवर. म्हणजे दिवेलागणीला समुद्रात जायचं, पाण्यावर दिवे सोडून मासे गोळा करायचे, आणि सकाळी येऊन ओंडक्यासारखं पडायचं. आन्थूला किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या धुलाईघरात. भल्या सकाळी चादरींच्या वाफेत शिरायचं ते संध्याकाळपर्यंत. राहिला आर्गिरी. सकाळी त्याला बालवाडीत सोडायचं, एक वाजता आणायचं, जेवू घालायचं आणि तीन वाजता झोपवायचं, ही सगळी खाती आजीकडे.

तीन वाजले की गल्ली बंद. साडेपाचपर्यंत आवाज करायचा नाही, हा सरकारी कायदा आहे. पण या गल्लीला कायद्याची गरज नाही, कारण इथे प्रोद्रोमोस राहतो. जकातीच्या चौकीवरून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मिशी अजून नोकरीत असल्यासारखी ताठ. तीननंतर कोणी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल आणली तर ती इंजिन बंद करून, ढकलत न्यायची. नळ करकरला तरी प्रोद्रोमोसची खिडकी उघडते.

तर आर्गिरी. दोन वर्षांचा होता तेव्हा उशीवर ठेवायचा अवकाश, झोपलाच. तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पाय आजीच्या पायांवरून खाली लोंबायला लागले, म्हणून मुक्काम पलंगावर हलला. आजी शेजारी आडवी व्हायची, तो तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचा, आणि पाळीवरची पकड सैल झाली की समजायचं, गेला. चौथ्या वर्षी गाणी लागायला लागली. पाचव्या वर्षी गाणी संपली आणि पोलीस आला. जागी मुलं शोधत जो गल्लीतून फिरतो, तो पोलीस. आता तो सहा वर्षांचा व्हायला आला होता, आणि पोलीस रोज दुपारी तासभर फिरून दमत होता. पाणी हवं, शू लागली, पाठ खाजते, मासे झोपतात का, डोळे उघडे ठेवून कसे झोपतात, मग मीपण उघडे ठेवतो. अखेर चारच्या पुढे कधीतरी तो गळायचा आणि सहापर्यंत दगडासारखा पडायचा. दियामांदो घामाघूम, वेणी सुटलेली. पण पोर झोपलं होतं आणि कान त्याच्या बोटांत होता. चोवीस तासांतला तो तिचा सर्वांत आवडता वेळ. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीला ठाऊक होतं, ते वेगळं.

बिल फाटायचं वरच्या मजल्यावर. रात्री दहाला आन्थूलाच्या पापण्या मिटत असायच्या, आणि आर्गिरी नुकत्याच पकडलेल्या माशासारखा ताजा. सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून आईच्या अंगावर. झोपायला अकरा वाजायचे, कधी बारा. सकाळी आजी वर यायची ती झोपलेल्या पोरालाच मोजे चढवायची, झोपलेल्यालाच शर्ट घालायची, आणि हाताला धरून उतारावरून चालवत न्यायची. चालतानाही त्याचे डोळे मिटलेलेच. वाटेत जो भेटेल त्याला ती सांगायची, "रात्री वेळेवर झोपवत नाहीत पोराला. आजकालच्या आया!" धुलाईघरात आन्थूला चादरी पिळता पिळता सांगायची, "सासूबाई दुपारी असं काही झोपवतात त्याला, की मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही." दोघींचं म्हणणं खरं होतं. फक्त दोघी ते एकमेकींना सांगत नव्हत्या. उरलेल्या गल्लीला सांगत होत्या.

मग बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. सकाळी सगळी मुलं गोल करून गाणी म्हणत होती, तेव्हा आर्गिरी बाईंच्या बुटावर गाल ठेवून झोपला होता. बाईंना अर्धा तास पाय हलवता आला नाही. आन्थूला त्याला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि तिथून थेट खाली सासूच्या स्वयंपाकघरात.

"आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारची झोप बंद करा."

दियामांदोच्या हातातला डाव थांबला. "कोणाची? तिची?"

"आर्गिरीची."

"तिला मुलं आहेत का?"

"दोन आहेत."

"मग ती कधी झोपतात?"

"रात्री."

"रात्री सगळेच झोपतात. त्यात तिने काय दिवे लावले?"

आन्थूला खुर्ची ओढून बसली. "ऐका तरी. लहान होता तेव्हा त्याला दुपारची लागतच होती. आता वाढतोय तो. या वयात दिवसरात्र मिळून दहा-अकरा तास झोप हवी, ती सगळी रात्रीच मिळाली तर उत्तम, म्हणाल्या. बहुतेक मुलांची दुपारची या वयापर्यंत आपोआप सुटते. त्याचीही सुटायला बघतेय, आपण तिला धरून ठेवलंय. तुम्ही दुपारी दोन तास घेतलेत की रात्रीचे दोन कमी होणार, आणि सकाळी तर उठायलाच लागतं."

"म्हणजे मी पोराची झोप चोरते?"

"चोरता असं कोण म्हणालं?"

"अगं, न झोपणारं मूल वाढतं कसं? उन्हातान्हात जागं ठेवलं तर डोकं तापतं. तुझा नवरा बारा वर्षांचा होईपर्यंत दुपारी झोपत होता."

"तो अजून झोपतोय," आन्थूला म्हणाली, आणि वरून खरंच स्त्रातिसच्या घोरण्याचा आवाज आला.

दियामांदोला हसू आलं होतं, पण तिने ते डाळीबरोबर ढवळून टाकलं. मग आन्थूला जे बोलली, त्याने मात्र तिचं हसू गेलं. "सप्टेंबरात तो पहिलीला जाणार. आठाची घंटा. तिथे बुटावर झोपून चालायचं नाही. तुमच्याकडे दुपारी झोपणार असेल, तर मी त्याला पूर्ण दिवसाच्या शाळेत घालते. चार वाजेपर्यंत तिथे असेल, जेवणही तिथेच. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत सांगायचंय."

जेवणही तिथेच. म्हणजे एका ताटासाठी चूल पेटवायची. दियामांदोने डाव पातेल्यात सोडला आणि म्हणाली, "नाही झोपवणार."

तिने शब्द पाळला, आपल्या परीने. झोपवणार नाही, असं म्हणाली होती. आडवं करणार नाही, असं म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी तीनला तिने आर्गिरीला पलंगावर "नुसतं टेकायला" सांगितलं आणि पाच मिनिटांसाठी कान दिला. आर्गिरी बिचारा गुणी निघाला, सव्वाचारला झोपला. सव्वापाचला तिने त्याला गदगदा हलवून उठवलं, तोंडावर पाण्याचा हबका मारला, केस विंचरले, आणि आन्थूला दारात आली तेव्हा तो ओल्या केसांनी टेबलाशी बसून भिंतीकडे बघत होता.

"जागा होता?"

"टक्क!" दियामांदो म्हणाली. "डोळे बघ कसे लाल झालेत बिचाऱ्याचे."

असं काही दिवस चाललं. रात्रीचा तमाशा तसाच. आन्थूलाला वाटायला लागलं, डॉक्टरीणबाईंचंच काहीतरी चुकतंय, किंवा आपल्या पोराचंच. आणि मग एका संध्याकाळी तिने लाडाने आर्गिरीचा गाल कुरवाळला आणि हात तिथेच थांबला. गालावर चार द्राक्षं आणि एक पान उमटलं होतं. स्वच्छ, रेखीव. दियामांदोच्या उशीच्या अभ्र्यावर तिने स्वतः आकडीने विणलेला घड आहे, त्यातलीच ही चार. शेजारणी गेली वीस वर्षं तो नमुना मागतायत, ती देत नाही.

"आई, याच्या गालावर द्राक्षं कुठून आली?"

"खाल्ली असतील."

"मे महिन्यात?"

दियामांदोने आर्गिरीकडे पाहिलं. आर्गिरी म्हणाला, "मी नुसता टेकलो होतो," आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

आन्थूला ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या सुनेशी कसं बोलायचं ते दियामांदोला येतं. पण ती दमून खुर्चीत बसली आणि एवढंच म्हणाली, "उद्या शाळेत सांगते."

"थांब," दियामांदो म्हणाली. बराच वेळ ती टेबलावरचा न सांडलेला तांदूळ गोळा करत राहिली. "तो माझ्याकडे झोपला नाही, तर माझ्याकडे येऊन करेल काय? मला दुसरं येतं तरी काय, पोरी? जागं पोर मी कधी सांभाळलंय? माझ्याकडे सगळे झोपायलाच येतात."

सुनेने खुर्ची जवळ ओढली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच सासूने तिला काहीतरी येत नाही असं कबूल केलं होतं. "मग शिका की," ती म्हणाली. टोमणाच होता, पण आवाज मऊ होता. "सुट्टी लागेपर्यंत बघू. पण आई, गाल तपासणार मी."

दुसऱ्या दिवशी दियामांदोने पलंगाच्या खोलीला कडी घातली, दोन कप कडक कॉफी प्यायली, आणि आर्गिरीला घेऊन स्वयंपाकघरात बसली. खिडक्यांची दारं लावलेली, आत हिरवट अंधार. ती कुजबुजत त्याला आजोबांच्या गोष्टी सांगायला लागली. यारीला एकदा घोडा कसा टांगला होता ती गोष्ट रंगात आली, घोडा हवेत गेला, आणि तिथेच थांबला.

"मग?" आर्गिरीने विचारलं. "आजी, घोडा?"

आजीची हनुवटी छातीवर टेकली होती. जन्मभर जी बाई दुपारी झोपली, तिला दोन कप कॉफी काय करणार? आर्गिरीने तिचा कान ओढून पाहिला. मग चेंडू घेतला आणि तो बाहेर गेला.

आमची गल्ली पायऱ्यांची आहे हे वर सांगितलंच. चेंडू पहिल्या पायरीवरून सुटला आणि टप्प, टप्प, टप्प करत थेट बंदराकडे निघाला. प्रोद्रोमोसची खिडकी धाडकन उघडली.

"कोण आहे तो हरामखोर? माणसं झोपलीत इथे! माणसं झोपलीत!"

जी झोपली होती ती आता नव्हती. एकेक खिडकी उघडली. वरच्या गच्चीत स्त्रातिस चड्डीवर येऊन उभा राहिला, बोट बुडाल्यासारखा चेहरा करून. दियामांदो एका पायात चप्पल घालून धावत आली आणि आर्गिरीला पोटाशी धरून प्रोद्रोमोसवर उलटली.

"अहो शेजारी, चेंडूचा आवाज चार घरांत गेला असेल. तुमचा थासोस बेटावर गेला!"

"कायदा आहे, बाई! साडेपाचपर्यंत कायदा आहे!"

"मग स्वतःला आधी आत टाका!"

आणि मग ती एकदम थांबली. गल्लीतला प्रत्येक पुरुष बनियनवर होता, प्रत्येक बाईचे केस एका बाजूला चपटे. प्रोद्रोमोस इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. गळ्यापर्यंत गुंड्या, भांग पाडलेला, पायात बूट, बुटांना नाड्या.

"तुम्ही झोपतच नाही," दियामांदो म्हणाली.

"मी आत्ताच उठलो."

"नाड्या बांधून?"

प्रोद्रोमोसची मिशी पहिल्यांदाच निवृत्त झाल्यासारखी दिसली. चौकीवरच्या दुपारच्या पाळ्यांनी त्याची दुपारची झोप कधीच खाल्ली होती, आणि बायको गेल्यावर तर त्या खोलीत दुपारी पडवतही नव्हतं. इतकी वर्षं गल्लीची झोप राखणारा माणूस त्या वेळात एकटाच खिडकीच्या फटीमागे बसून असायचा. खिडक्या एकेक करून बंद झाल्या. कोणी हसलं नाही. म्हणजे खिडकी बंद होईपर्यंत नाही.

त्या संध्याकाळी आन्थूलाने आर्गिरीपुढे दह्याचा वाडगा ठेवला, चमचा आणायला वळली, आणि परत फिरली तेव्हा पोराचं नाक दह्यात होतं. साडेआठही वाजले नव्हते. तिने त्याला तोंड पुसून बिछान्यावर ठेवलं आणि मोकळी झाली. एवढ्या लवकर मोकळं होऊन काय करतात ते तिला आठवेना. तिने केस धुतले. गच्चीत बसली. मग खाली आली.

"झोपला."

"मेला का काय?" म्हणत दियामांदो जिना चढून गेली, नाकाशी बोट धरून श्वास पाहिला, दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकल्यासारखं केलं. "कोणी झोपवला?"

"कोणी नाही. आपोआप."

आपोआप! दियामांदो अंधारात पलंगाच्या कडेशी बसून राहिली. इतक्या पोरांना झोपवलं, पण एवढी गाढ, एवढी हक्काची झोप तिने कोणाला दिली होती असं तिला आठवेना. आणि या झोपेला तिचे पाय नको होते, गाणं नको होतं, कानही नको होता. तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण पोराचा चेहरा असा काही सुटला होता, कपाळावरची ती रोजची आठी गेली होती, की वाईट वाटायला फार वेळ मिळाला नाही. सकाळी ती मोजे घेऊन वर गेली, तर आर्गिरी जागा होऊन मोजे शोधत होता.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना तिने प्रोद्रोमोसच्या खिडकीवर बोटाने टकटक केलं. "अहो शेजारी, जागेच असता तर जरा कामाला या. मला झोप आवरत नाही आणि पोराला येत नाही."

तो आला तो काखेत सोंगट्यांचा लाकडी, पेटीसारखा मिटणारा पट घेऊन. आता हा खेळ इकडे कसा खेळतात ते ज्याने ऐकलंय त्याला दियामांदोचा चेहरा कसा झाला असेल ते कळेल. फासे लाकडावर आपटायचे, सोंगटी ठोकायची, जिंकलं की टेबल हलायला हवं. आवाजाशिवाय हा खेळ म्हणजे मिठाशिवाय सार्डिन. पण तीन वाजले होते आणि कायदा प्रोद्रोमोसचाच होता. दियामांदोने तिच्या लग्नातलं लोकरीचं कांबळं काढलं, चौघडी करून पटाखाली घातलं, सोंगट्या ठेवायच्या जागी चिंध्या अंथरल्या, आणि फासे खुळखुळवायला पायातली आपली लोकरी सपात दिली. प्रोद्रोमोसने सपातेत हात घातला तेव्हा तोंड वाकडं केलं. पहिला डाव जिंकल्यावर त्याचा हात सवयीने वर गेला, हवेत थांबला, आणि मग त्याने स्वतःचीच बाही चावली.

"काका, रडताय?" आर्गिरी कुजबुजला.

"जिंकलोय मी, गाढवा."

"मग हसा की."

"हसायला आवाज लागतो."

दियामांदो पंच म्हणून खुर्चीत बसली होती. पंच थोड्याच वेळात घोरायला लागला.

गल्लीचं काय झालं ते विचारू नका. तीन वाजता, भर शांततेच्या वेळी, एक विधुर इस्त्रीचा शर्ट घालून विधवेच्या घरात शिरतो. काखेत पेटी. खिडक्या बंद. साडेपाचला बाहेर येतो, बाहीवर दातांचे व्रण. आणि आतून अडीच तास अजिबात आवाज नाही! आवाज आला असता तर कोणालाही संशय आला नसता. बेकरीत कोपऱ्यावरच्या न्हावीणबाईंनी विचारलंच, "काय दियामांदो, हल्ली दुपारी झोप छान लागते म्हणे?"

"लागते की," दियामांदो पाव दाबून बघत म्हणाली. "दोन पुरुष पहाऱ्याला असतात."

सगळंच काही सरळ झालं नाही. सुरुवातीचे काही दिवस आर्गिरी सहा वाजता असा काही पिसाळायचा की मांजरंसुद्धा घर सोडायची. एकदा चर्चमध्ये उभ्याउभ्या झोपून पुढच्या बाईच्या पाठीवर कोसळला. एकदा बसमध्ये झोपला आणि रात्री पुन्हा अकरा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सवय बदलताना असं होणारच, त्या दिवशी उलट थोडं लवकर निजवा, आणि वेळ मात्र रोज तीच ठेवा, रविवारीही. दिवे बारीक, टीव्ही बंद, गोडधोड नाही. हे आधी आन्थूला सासूला सांगत होती. मग केव्हातरी उलटं व्हायला लागलं.

पौर्णिमेला तर कळसच झाला. चांदणं लख्ख असलं की दिव्याला मासे येत नाहीत, बोटी बंदरातच राहतात, आणि स्त्रातिस तीन-चार रात्री घरी असतो. बाप रात्रीचा घरी म्हणजे पोराला जत्रा. साडेआठला वरून धपधप सुरू झाली, आर्गिरी छताकडे उडतोय आणि किंचाळतोय. दियामांदो हातात डाव घेऊन जिना चढली.

"खाली ठेव त्याला!"

"आई, महिन्यातून चार दिवस भेटतो मी त्याला!"

"मग सकाळी भेट! चंद्र पूर्ण असो नाहीतर अर्धा, पोराची वेळ तीच. दिवा बारीक कर. आणि तूही आवाज बारीक कर."

स्त्रातिसने बायकोकडे पाहिलं. आन्थूला तोंडात पदर कोंबल्यासारखी टॉवेल कोंबून उभी होती. "मी काही म्हटलं नाही," ती म्हणाली. मग बापाने पोराला बिछान्यावर ठेवलं आणि डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या माशांची एक लांबलचक गोष्ट सांगितली. गोष्टीत मासा एकच होता. आर्गिरी त्याच्या शेपटीपर्यंत पोचला नाही.

जून उजाडला. शाळेत सांगायचे दिवस संपत आले, आणि आन्थूला त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. दियामांदो विचारत नव्हती. विचारलं तर उत्तर मिळतं, ही तिची भीती. ती नुसतीच दुपारचं जेवण अधिकाधिक चांगलं करत होती. भरलेले टोमॅटो, लिंबाच्या रसातले मांसाचे गोळे, मधाचा शिरा. आर्गिरीचं वजन वाढलं. प्रोद्रोमोसचंही.

मग एका दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, आन्थूला न कळवता धुलाईघरातून आली. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीच्या फटीला एक डोळा होता, कारण सुनेने धाड घातली म्हणजे आज काहीतरी उघडकीला येणार. तिने दार हळूच ढकललं.

आत कांबळ्यावर पट. एका बाजूला प्रोद्रोमोस, गळ्यापर्यंत गुंड्या, कपाळावर घाम. दुसऱ्या बाजूला आर्गिरी, खुर्चीवर गुडघे टेकून, हात सपातेत कोपरापर्यंत. दोघंही इतके दातओठ खाऊन कुजबुजत भांडत होते की तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

"पाच पडले होते!"

"सहा पडले, काका. तुम्ही चष्मा लावा."

"चष्मा लावलाय!"

"मग काढा."

कोपऱ्यात दियामांदो तोंड उघडं टाकून झोपली होती, एका पायात सपात, दुसरा पाय उघडा. आन्थूलाने आपले बूट काढून हातात घेतले, अनवाणी टेबलापाशी आली, स्टूल ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जिंकेल त्याच्याशी मी."

ती तिसऱ्या डावात हरत असताना दियामांदो जागी झाली. समोर सून बघून ती ताडकन सरळ बसली. "मी झोपले नव्हते! डोळे मिटून ऐकत होते नुसती."

"बरं, आई."

"आणि तू इथे काय करतेस? कामावरून काढलं?"

"शाळेत गेले होते. सांगून आले."

दियामांदोने उघडा पाय दुसऱ्या पायामागे लपवला. प्रोद्रोमोसने हातातली सोंगटी चिंधीवर ठेवली आणि परत उचलली. "काय सांगितलंस?" दियामांदोने विचारलं.

"एक वाजता आजी न्यायला येईल म्हणून."

दियामांदो उठली, चुलीकडे गेली, झाकण उचललं, ठेवलं. मग वळली आणि तिचा तो मूळचा, बंदरापर्यंत जाणारा आवाज फुटला, "मग सप्टेंबरापर्यंत त्याला पाय पुसायला तरी शिकवा कोणीतरी! आणि तू उपाशीच आली असशील, तोंड बघ कसं झालंय, थांब, टोमॅटो आहेत दोन, आणि शेजारी, तुम्ही..."

"शू, आजी," आर्गिरी फासे हलवत म्हणाला. "हळू. माणसं झोपलीत."

दियामांदोने तोंड मिटलं. आणि चवड्यांवर चालत, ताटांचा आवाज होऊ न देता, चारजणांसाठी पानं मांडायला लागली.